दिसले नाही, आवाज आला

नऊ मार्च. दुपारी दीड ते चार या वेळात केजमध्ये चष्मा करायला कुणी येत नाही, म्हणून तो वेळ मी या कामासाठी ठेवला होता. दत्तादादाच्या कॅमेऱ्यातले फोटो काँप्युटरवर उतरवायचे आणि त्यातले दोन निवडायचे. युसूफ वडगावच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी निरोप पाठवला होता की, दादांनी काढलेले पक्ष्यांचे दोन फोटो द्या, मोठे करून व्हरांड्यात लावू. दादा काही त्या शाळेत शिक्षक नव्हता. पण दर हिवाळ्यात एक दिवस तो सगळ्या शाळेला गावामागच्या धरणाच्या बॅकवॉटरवर न्यायचा आणि रांगेत उभं करून एकेकाला दुर्बिणीतून पक्षी दाखवायचा. तासाभराचं काम आहे, असं मी धरून चालले होते. चार वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा एकही फोटो निवडून झाला नव्हता, आणि मी शटर अर्धं ओढून आत बसले होते. असं का झालं ते क्रमाने लिहिते. मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही.

दत्तात्रय माझा सख्खा मोठा भाऊ. अकरा फेब्रुवारीला सकाळी पावणेआठला वडगावहून त्याच्या शेजारच्या शकुंतलाकाकूंचा फोन आला. "संगीता, दादा उठंना झालेत गं," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं झोपेतून उठत नसेल. तो ओट्यावर बसलेला होता, भिंतीला टेकून, पायात बूट, बाजूला दुर्बिणीची पेटी बांधून तयार, कपातला चहा संपवलेला. म्हणजे निघण्याआधी दोन मिनिटं टेकला आणि तिथेच थांबला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय अडुसष्ट. वहिनी आठ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे पुढचं सगळं मीच केलं. करताना रडायला सवड मिळाली नाही आणि नंतर ते राहूनच गेलं. लोकांना ते खटकलं असेल. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे.

दादाची सगळी नोकरी तलावावर गेली. धारूरच्या डोंगराकडच्या एका लहान तलावावर पाण्याची पातळी मोजून रजिस्टरात लिहायची, हे त्याचं काम. पाण्यात आकडे रंगवलेले खांब उभे असतात, काठावरून दुर्बिणीने आकडा वाचायचा, लिहायचा. रोज, सकाळी आठला. ऐकायला सोपं वाटतं. एकदा तीन दिवस दाट धुकं पडलं, खांब दिसेनात. त्या वेळच्या साहेबांचं म्हणणं होतं की कालचा आकडा आजही टाक, हिवाळ्यात पाणी कुठं एवढं हलतं? दादाने टाकला नाही. त्या तारखांसमोर त्याने लिहिलं, 'दिसले नाही.' साहेब रजिस्टर घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले तेव्हा हा म्हणाला, "साहेब, वाचलं न्हाई ते लिहू कसं? माझी सही हाय तिथं." दोन महिने त्याला दुसरीकडे कामाला धाडलं होतं. परत आला तेव्हाही त्याचं म्हणणं तेच होतं. आईने त्याला चांगलंच सुनावलं होतं, मीही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला वाटायचं, एक आकडा लिहायला काय जातं याचं.

पक्ष्यांचं वेड त्याला तिथेच लागलं. खांबावरचा आकडा वाचायला डोळा लावावा, तर खांबावर कुणीतरी बसलेलं असायचं. आधी तो त्यांना हाकलायचा, मग नावं विचारू लागला, मग रजिस्टरासारखीच एक वही घातली. तारीख, वेळ, पक्षी, किती, आणि शेवटी शेरा. निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं हा आता मोटारसायकल घेणार. त्याने स्पॉटिंग स्कोप घेतला. तिपाईवर बसवून एका डोळ्याने बघायची ही मोठी दुर्बीण असते. दादा तिला तोफ म्हणायचा. "किल्ल्यावरची गंजली, माझी चालू हाय," हा त्याचा ठरलेला विनोद, आणि दर वेळी तो आधी स्वतःच हसायचा.

तोफेचा सगळा रोख एका पक्ष्यावर होता, पट्टकादंबावर. राखी रंगाचं, हंसाएवढं बदक, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हिमालयाच्या वरून उडत येतं आणि हिवाळाभर आपल्याकडच्या पाण्यावर राहतं. दादा त्यांना पट्टेवाले म्हणायचा, ऑफिसातल्या शिपायांसारखं. नोव्हेंबर संपत आला की फोनवर पहिलं वाक्य हेच, "पट्टेवाले हजर झाले गं. साहेब अजून यायचेत." साहेब म्हणजे करकोचे, कारण ते उशिरा येतात आणि एका पायावर उभे राहून काहीच करत नाहीत. बॅकवॉटरच्या त्या काठावर, पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या बाभळीच्या खोडासमोर, त्याने कुदळीने जमीन सारखी करून तीन चपटे दगड पुरले होते. तिपाईचा एकेक पाय एकेका दगडावर. त्याची जागा कधी बदलली नाही. पट्टेवालेही त्याच खोडाच्या आसपास उतरायचे, चिखलाच्या उंचवट्यावर.

गेल्या आषाढात तो दुकानात आला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "संगे, माझा चष्मा बदल, ह्याच्यातनं आकडे फुटतेत." मी तक्ता लावला. पंचवीस वर्षं मी हे काम करते, माणूस तक्ता कसा वाचतो यावरून बरंच कळतं. दादा ओळीची पहिली दोन अक्षरं वाचायचा, शेवटची दोन वाचायचा, आणि मध्ये थांबायचा. मग मान थोडी वाकडी करायचा. "मधलं अक्षर कुनी खाल्लं गं?" तो म्हणाला. मी हसले नाही. चष्म्याने जाणारी गोष्ट नव्हती ती. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पडदा तपासला आणि मला जे वाटलं होतं तेच सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसेल, चालता-फिरता येईल, पण ज्याच्याकडे सरळ बघाल तेच दिसणार नाही. याच्यावर औषध नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. परतताना मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा दादा चहा घेत म्हणाला, "म्हंजी तोफेत डोळा लावला की पक्षी जाणार, बाकीचं सगळं राहणार. झाडं, पाणी, आभाळ..." मी म्हटलं, बघू, काहीतरी करू. माझ्याकडून असलं वाक्य सहसा जात नाही. आणि गेलं की मी ते पुरं करते.

मला जे सुचलं ते असं. तोफेच्या मागे, डोळा लावायच्या जागी, कॅमेरा बसवायचा. फोटो काढायचा आणि घरी टीव्हीवर मोठा करून बघायचा. एवढा मोठा पट्टेवाला झाला की दादा मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने, त्याला बघू शकेल. पट्टे मोजू शकेल. हिवाळा यायला चार महिने होते. त्याला अजून एक हिवाळा हे पक्षी दिसले पाहिजेत, एवढंच मी ठरवलं होतं, आणि प्रश्न एकच उरला होता, कॅमेऱ्याला लेन्स कोणती लावायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला इम्तियाजभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो काढतात. त्यांचा एक जुना कॅमेरा मी घेतला, त्यावर असते ती नेहमीची मागे-पुढे होणारी झूम लेन्स होती. तोफेला जोडून पाहिली तर मध्ये छोटं गोल चित्र आणि बाकी सगळं काळं. भाकरीएवढं गोल, उरलेला तवा. झूम पुढे नेली तर गोल मोठं होई, पण लेन्सची नळी बाहेर येऊन तोफेच्या काचेला टेके आणि वजनाने सगळं खाली झुके. मग मला वाटलं, लांबचं बघायचं तर लांबची लेन्स हवी. इम्तियाजभाईंनी त्यांची सगळ्यात मोठी लेन्स आणली, हातभर लांब. तिच्यातून नुसता चिखल दिसला. मधोमध एक मिणमिणता ठिपका. "ताई, ह्या दोघांचं लगीन जमत न्हाई," ते म्हणाले. "मी रोज लग्नंच बघतो, मला कळतंय." दादा म्हणाला, "पत्रिका बघितली का?" आणि दोघं हसत बसले. मला हसू येत नव्हतं. भाद्रपद सरला होता.

चूक माझी होती, माझ्या धंद्यात शोभणार नाही अशी. मी लेन्सकडे बघत होते, प्रकाशाकडे नाही. एका दुपारी मी तोफ दुकानाच्या दारात उजेडाकडे तोंड करून ठेवली आणि मागे बटर पेपर धरला. त्यावर एक लहान तेजस्वी गोल उमटला. बुबुळांमधलं अंतर मोजायची आमची पट्टी असते, तिने मोजला. वीसपट मोठं करताना तीन मिलिमीटर, साठपट करताना जेमतेम एक. म्हणजे पलीकडचं सगळं आभाळ, पाणी, पक्षी त्या तीन मिलिमीटरमधून बाहेर येतात. पुढे लेन्स केवढीही मोठी लावा, आत जाणार ते तेवढंच. आणि मोठ्या लेन्सचं खरं तोंड तिच्या पोटात खोल असतं, तिथपर्यंत पोचेपर्यंत कडा कापल्या जातात. म्हणून हवी ती लहान लेन्स. चपटी, पुढची काच छोटी आणि अगदी पुढ्यात, झूम नसलेली, लांबी कमी-जास्त न होणारी, आणि तोफही वीस-पंचवीसपटीच्या पुढे ताणायची नाही. एवढं कळल्यावर काम सोपं होतं. चाळीस मिलिमीटरची एक चपटी लेन्स मिळाली, थाळीसारखी, तळहातात मावणारी. ती तोफेसमोर सरळ राहावी म्हणून प्लंबरच्या दुकानातून पाइपाचा जोड आणला, आतून रबर लावलं, कानशीने घासून बसवला. लेन्सचा फोकस लांबवर लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको. यापुढे फोकस फक्त तोफेवरच्या नॉबने करायचा. बटण दाबताना थरथर नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावून दिला. मला या कामाचा अभिमान वाटत होता, हे लिहिलं पाहिजे.

या चार महिन्यांत दादाने मला तीन-चारदा तरी सांगितलं होतं, "राहू दे गं ते. तूच ये ना एखाद्या सकाळी." मी विचारायचे, मी येऊन काय करू? मला बगळा आणि बदक यांतला फरकही धड कळत नाही. "कळायला कशाला पायजे? तू नुस्तं बघून सांग, कुठं बसलेत, काय करतेत. मी बघीन की तुझ्या बोलन्यातनं." मी म्हणायचे, दुकान कोण बघेल. "कावून, दुकान काय पळून चाललंय का?" आणि मी विषय बदलायचे. बोलण्यातून बघणं वगैरे मला पटत नव्हतं. मी त्याला खरं दाखवणार होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं घेऊन गेले. सकाळी दहा वाजले होते, पक्षी लांब गेले होते, समोर नुसतं बाभळीचं खोड. तिपाई तीन दगडांवर ठेवली, मी नॉब फिरवून खोड स्पष्ट केलं आणि एक फोटो काढला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत उजळ. काळं गोल गेलं होतं. खोडाची सालसुद्धा मोजून घ्यावी अशी. दादाने मान वाकडी करून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "आलं की गं," तो म्हणाला. "लई झ्याक." मी टीव्हीला जोडायची वायर त्याच्या हातात दिली, कशी लावायची ते सांगितलं आणि पाऊण तासात परत निघाले. साडेअकराला दुकान उघडलं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन. "आज बावीस." "आज एकोणीस, तीन कुटं गेले काय की." "आज एकजन मान वळवून माझ्याकडंच बघत होता, डोक्यावरच्या दोन्ही पट्ट्या साफ दिसल्या बघ." मी त्या वेळी पावत्या लावत असायचे, काच घासत असायचे. बरं, म्हणायचे. छान, म्हणायचे. एकदा तरी म्हणायला हवं होतं की फोटो दाखव. म्हटलं नाही. आधी जे चित्र मध्ये गोल आणि कडेला काळं यायचं ते आता पूर्ण येत होतं, माझ्या दृष्टीने काम संपलं होतं. संक्रांतीला तो केजला आला, दुकानातच बसला, तिळाची वडी खाल्ली. कॅमेरा आणला नव्हता. जाताना म्हणाला, "येत्या ऐतवारी ये की, कोवळं ऊन असतंय, लई बरं वाटतंय तिथं." मी म्हटलं, पुढच्या. ती आमची शेवटची भेट. पुढच्या आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी काय करत होते ते मला आठवतही नाही... कदाचित काहीच नाही.

आता नऊ मार्च. कार्डावर पाचशे ऐंशीच्या वर फोटो होते. पहिला माझा, खोडाचा, लख्ख. दुसरा उघडला, तर राखाडी कापूस. तिसरा, कापूस. मला वाटलं काँप्युटरला काहीतरी झालंय. दहावा, चाळीसावा, शंभरावा. कुठे राखाडीत थोडं पांढरं, कुठे काळसर पट्टा, तो काठ असावा. त्या सगळ्यांत पक्षी होते, एवढं कळत होतं, पिंजलेल्या कापसाचे गोळे, कुठे पाच, कुठे आठ. माझा पहिला विचार लेन्सचा होता. कॅमेरा काढला, चिकटपट्टी तशीच, फोकस मी लावला तिथेच, जोड घट्ट. लेन्समध्ये काही खोट नव्हती. नॉब फिरवलेला होता. तो फिरवायचा तर नेमकं बघावं लागतं, आणि नेमकंच तर त्याला दिसत नव्हतं. चार महिने मी सगळं बघितलं, फक्त हे बघितलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मान वाकडी करून त्याला उजेड दिसत असेल, रंग दिसत असतील. स्पष्ट झालं की नाही, हे दिसणार नव्हतं. ते सांगायला शेजारी कुणीतरी डोळस माणूस लागतं. फक्त एवढं म्हणायला की, थांब, आता.

फोटोंबरोबर वेळ नोंदलेली असते. रोज सकाळी आठच्या सुमारास आठ-दहा फोटो, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने. ते ओळीने लावून पाहिले तेव्हा कळलं तो काय करत होता. नॉब थोडा फिरवायचा, एक फोटो. अजून थोडा, अजून एक. एखादा तरी नेमका पडेल म्हणून. जानेवारीतल्या एका सकाळचे नऊ फोटो आहेत. पहिले चार कापूस. पाचव्यात आकार आले. सहावा स्पष्ट आहे, इतका की एका पट्टेवाल्याच्या चोचीवरचं पाणी दिसतं, आणि तो खरंच मान वळवून इकडे बघतोय. सातवा पुन्हा धूसर. आठवा, नववा कापूस. तो त्याच्यावरून पुढे निघून गेला. त्याला कळलं नाही.

मग मी वही काढली. ती पेटीतच होती, मी इतके दिवस उघडली नव्हती. जुनी पानं सुरेख, आकडा आकड्याखाली. या हिवाळ्याची पानं जाड स्केचपेनने, ओळी सोडून, तिरकी. तारीख, वेळ. 'पक्षी' या रकान्यात पट्टकादंब. 'किती' हा रकाना रिकामा. पान उलटलं, रिकामा. आणि शेऱ्यात रोज तेच, डिसेंबरच्या आठ तारखेपासून फेब्रुवारीच्या दहापर्यंत. 'दिसले नाही. आवाज आला.' कधी, 'दिसले नाही. आवाज पुष्कळ.' एका जागी, 'दिसले नाही. आवाज नाही. थांबलो.'

बावीस, एकोणीस, मान वळवून बघणारा... वहीत खोटं लिहिता येत नव्हतं त्याला, तिथे तो कधीच खोटं लिहीत नव्हता. ते त्याने मला सांगितलं. मी एवढी खटपट केली, जोड कानशीने घासला, म्हणून. टीव्हीची वायर मी त्याच्या घरून आणलेल्या सामानात होती. मी दिली तेव्हा तिला प्लॅस्टिकची चिमटी बांधलेली होती. अजून बांधलेलीच आहे.

चारला जे गिऱ्हाईक आलं त्या पिंपळगावच्या आजी होत्या. काचबिंदूचे थेंब घालतात, दोन बाटल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची, त्यांना चिठ्ठी वाचता येत नाही. असल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी एक करते. फ्रेमचे भाग चिकटवायचा जो दोन नळ्यांचा गोंद असतो, त्याचा एक टणक ठिपका सकाळच्या बाटलीच्या झाकणावर, संध्याकाळच्या झाकणावर दोन. बोट फिरवलं की कळतं. आजींनी नव्या बाटल्या आणल्या होत्या. "बाई, ठिपके द्या," त्या म्हणाल्या. मी गोंद कालवला. पहिला ठिपका ठेवला आणि हात तिथेच राहिला. आजींनी विचारलं, "कावून, सुकला का?" मी म्हटलं, नाही. किती वर्षं करतेय मी हे. ओळख ना पाळख, कुणाच्याही बाटल्यांना.

तिपाई रोज त्याच तीन दगडांवर. खोड रोज तेवढ्याच अंतरावर. नॉबची जागा एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने वडगावला गेले. बॅकवॉटरवर सातला पोचले. दगड होते तिथेच होते, त्यांच्या मध्ये गवत वाढू लागलं होतं. पाणी बरंच मागे हटलं होतं, पक्षी नव्हते. मासे धरणारा एकजण म्हणाला, बदकं मागच्या आठवड्यातच गेली. तिपाई लावली, तोफ बसवली, माझी चपटी लेन्स जोडली. नॉब एका टोकाला अडेपर्यंत फिरवला. तिथून मागे, एक फेरा, दुसरा फेरा, आणि वर थोडंसं. खोड स्पष्ट झालं. नॉबच्या वरच्या बाजूला, जिथे बोट सहज टेकतं, तिथे गोंदाचा ठिपका ठेवला. तो टणक व्हायला वीस मिनिटं लागतात. दुकानात मी तेवढ्या वेळात दुसरं काम उरकते. तिथे दुसरं काम नव्हतं. दगडाशेजारी बसून राहिले. ऊन कोवळं होतं, तो म्हणाला होता तसं.

वीस मिनिटांनी डोळे मिटले. नॉब टोकाला नेला, मग दोन फेरे मागे, आणि बोटाला ठिपका लागला तिथे थांबले. बटण दाबलं. दोन सेकंद. डोळे उघडून बघितलं तर खोडाची साल, तिच्यावरची भेग, भेगेतली मुंगळ्यांची रांग, सगळं स्पष्ट. पुन्हा एकदा केलं, मान वाकडी करून. पुन्हा स्पष्ट. दहा वेळा केलं. दहाही आले.

मग वही काढली आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं. दहा मार्च, सकाळी पावणेआठ. पक्षी नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'खोड दिसले.' सही केली. तोफ पेटीत बांधली, साडेआठची बस धरली, आणि साडेनऊला दुकान उघडलं.